समान अग्रश्रेय

चित्रपटाच्या किंवा मालिकेच्या जाहिरातीत आणि नामावलीत दोन वा अधिक कलावंतांना बरोबरीने पहिला मान देण्याची प्रथा. नावांचा क्रम, अक्षरांचा आकार आणि जागा बहुधा करारातच ठरते. दोघे तोलामोलाचे असले, तर अक्षरे सारखी ठेवून भागत नाही. डावीकडचे नाव आधी वाचले जाते आणि वरचे नाव मानाचे वाटते.

यावरचा सर्वांत गाजलेला तोडगा १९७४ च्या ‘द टॉवरिंग इन्फर्नो’त निघाला. स्टीव्ह मक्वीनचे नाव डावीकडे पण खाली, पॉल न्यूमनचे उजवीकडे पण वर. ‘फ्रेंड्स’ मालिकेत सहा मुख्य कलावंतांची नावे आडनावांच्या वर्णानुक्रमाने येत. हा मार्ग सर्वांत निर्मळ, कारण त्यात उजवे-डावे कोणी करतच नाही.

कोल्हापूरकरांना या बरोबरीची ओळख रंगभूमीने आधीच करून दिली होती. कोल्हापूरचे गायकनट केशवराव भोसले यांची ‘ललितकलादर्श’ आणि बालगंधर्वांची ‘गंधर्व नाटक मंडळी’ या त्या काळच्या प्रतिस्पर्धी संस्था. टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ‘मानापमान’ नाटकात दोघे एकत्र आले: केशवराव धैर्यधराच्या, बालगंधर्व भामिनीच्या भूमिकेत. प्रयोग ‘संयुक्त मानापमान’ म्हणूनच ओळखला जातो. कोणा एकाच्या नावावर तो कधी चढला नाही. समान मानाचे इतके चोख उदाहरण मराठी कलेच्या इतिहासात क्वचितच सापडेल. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. त्यांच्या नावाचे कोल्हापुरातील नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री आगीत जळाले, हे दुःख शहराच्या मनातून गेलेले नाही.

चित्रपटात मात्र कोल्हापूरची सुरुवात वेगळ्या रीतीने झाली. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी आणि १९२९ मध्ये येथेच पाच भागीदारांनी उभारलेली ‘प्रभात’ यांच्या काळात कलावंत पगारी असत. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) मध्ये गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांच्या भूमिका तुल्यबळ होत्या, तरी प्रेक्षकाला खेचणारे नाव कंपनीचेच होते. स्टुडिओपद्धत मोडली, कलावंत चित्रपटागणिक करार करू लागले आणि मोबदल्याबरोबर नावाच्या जागेचीही बोलणी होऊ लागली.