चंचल मुलांचं लक्ष नेमकं कुठे अडतं?

‘गेम दोन-दोन तास खेळतो, मग अभ्यासातच लक्ष कसं लागत नाही?’ एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि चंचलपणा आवरणं अवघड करणारी अवस्था, असलेल्या मुलांच्या पालकांचा हा ठरलेला प्रश्न. त्यामागचा संशयही ठरलेलाच: पोरगं मुद्दाम करतंय. पण गेममध्ये दर काही सेकंदांनी नवं घडतं आणि शाबासकी जागच्या जागी मिळते. अभ्यासाचं फळ परीक्षेनंतर. इतक्या लांबच्या फळाच्या आशेवर कंटाळवाण्या कामाला चिकटून राहणं या मुलांना फार जड जातं. त्यांना लक्ष नसतं असं नाही, ते हवं तिथे रोखून धरता येत नाही.

2007 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी शेकडो मुलांच्या मेंदूंचे स्कॅन तपासले. वाढत्या वयात मेंदूचं बाहेरचं आवरण आधी जाड होतं, नंतर पातळ होऊ लागतं. आवरणाच्या निम्म्या भागात ही कमाल जाडी इतर मुलांमध्ये साधारण साडेसात वर्षांच्या सुमारास आली, एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये साडेदहाच्या सुमारास. सर्वांत मागे होता कपाळामागचा भाग, म्हणजे आवर घालणारा, नियोजन करणारा. हालचालींचा भाग मात्र किंचित आधीच तयार झालेला! चुळबुळीचं कोडं त्याने पूर्ण सुटत नाही, पण ‘जरा शांत बस’ या हुकमाचा उपयोग का होत नाही, याचा अंदाज येतो.

वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता असेल तर गुंता वाढतो. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली अशी अक्षमता, असलेलं मूल एकेक अक्षर जुळवत शब्दाशी पोचतं. सगळी शक्ती तिथेच खर्च होते आणि वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात मनातून निसटलेली असते. थोड्या वेळाने ते पुस्तकावरून नजर काढतं आणि शिक्षकांना दिसतं फक्त ‘लक्ष नसलेलं’ मूल. अशा वेळी तोच धडा त्याला वाचून दाखवावा. ऐकताना ते रमलं आणि प्रश्नांना नीट उत्तरं दिली, तर अडचण बहुधा वाचनात आहे. ऐकतानाही मन भरकटलं, तर लक्षाचा विचार करायला हवा. अर्थात हा घरगुती अंदाज झाला, निदान नव्हे. एडीएचडीच्या निदानासाठी लक्षणं किमान सहा महिने टिकलेली, वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली आणि घर, शाळा अशा एकाहून जास्त ठिकाणी जाणवणारी असावी लागतात.

बऱ्याच मुलांमध्ये दोन्ही अडचणी एकत्र असतात, आणि हा निव्वळ योगायोग नाही. काही जनुकीय घटक दोन्हींत सामाईक आहेत, माहिती हाताळण्याचा मंद वेगही दोन्हींत आढळतो. मुलींच्या बाबतीत हे सगळं आणखी उशिरा कळतं. उड्या न मारणारी, मागच्या बाकावर गप्प हरवलेली मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून तिची तपासणीही होत नाही.

उपचारातली गफलत मला सर्वांत जास्त खटकते. मेथिलफेनिडेटसारख्या औषधाने लक्ष टिकायला मदत होते, त्यामुळे वाचनही आपोआप सुधारेल असं गृहीत धरलं जातं. दोन्ही अडचणी असलेल्या मुलांवर झालेल्या एका चाचणीत औषधोपचार आणि पालकांच्या प्रशिक्षणाने चंचलपणा कमी झाला, वाचन सुधारलं ते मात्र ध्वनी आणि अक्षरांची सांगड शिकवणाऱ्या पद्धतशीर सरावाने. म्हणून एका अडचणीचं निदान झालं की दुसरीचीही चाचणी तेव्हाच करून घ्यावी, आणि औषध सुरू झालं तरी वाचनाचा सराव वेगळा ठेवावा.