डिझेलमधील कचरा आणि डिझेलमधील पाणी: दोन वेगळी गाळणी

उसाचा हंगाम सुरू झाला की वाळवा-पलूस भागातील गॅरेजांत एक सल्ला हमखास ऐकू येतो: "डिझेलात पाणी येतंय, आणखी बारीक मायक्रॉनचा फिल्टर टाका." म्हणजे आणखी बारीक छिद्रांचा. हा सल्ला चुकीचा आहे, आणि त्यामुळे इंजिनात डिझेल फवारणारे महागडे नोझल वाया जाताना मी वारंवार पाहतो.

कचऱ्याचा फिल्टर सर्वांच्या परिचयाचा आहे. कागदाच्या छिद्रांपेक्षा मोठा कण अडतो, हळूहळू छिद्रे भरतात आणि ट्रॅक्टर ओढेनासा झाला की मिस्त्री फिल्टर बदलतो.

डिझेलमधले पाणी वेगळे करणाऱ्या गाळणीची, म्हणजे वॉटर सेपरेटरची मदार मात्र मुख्यतः पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवरील ताणावर असते. तो ताण भक्कम असेल तर पाण्याचे बारीक थेंब सेपरेटरमधल्या तंतूंवर एकत्र येऊन मोठे होतात आणि खालच्या वाटीत उतरतात. सर्फॅक्टंट, म्हणजे साबणाप्रमाणे एक टोक पाण्याकडे आणि दुसरे तेलाकडे असलेले रेणू, नेमके याच सीमेवर जाऊन बसतात. ताण उतरल्यामुळे पंपाच्या घुसळणीत थेंब अधिक बारीक होतात, भोवतीच्या थरामुळे एकमेकांत मिसळत नाहीत, आणि व्यास दहापट घटलेला थेंब खाली बसायला शंभरपट वेळ घेत असल्याने डिझेलबरोबर पुढे निघून जातो. शिवाय ताण गमावलेला थेंब दबून छिद्रातून निसटतो. वाळूचा कण तसे करू शकत नाही.

खरी फसगत पुढे आहे. चोंदलेल्या फिल्टरवर दाबाचा फरक वाढतो, म्हणून तो कळतो; निष्प्रभ झालेल्या सेपरेटरमधून डिझेल पूर्वीसारखेच वाहते, वाटी कोरडी राहते, आणि ती कोरडी वाटी पाहून मालक निश्चिंत होतो.

1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या मानकाच्या) डिझेलमध्ये गंधक 10 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दहा भाग) खाली आणले आहे. त्या प्रक्रियेत कमी होणारा वंगणगुण भरून काढण्यासाठी मिसळलेली द्रव्ये स्वतःच सीमेवर बसणारी असतात. विमानाच्या इंधनातून सर्फॅक्टंट काढण्यासाठी विशिष्ट मातीचे गाळणे वापरतात, पण डिझेलमधून ते वंगणद्रव्यही ओढून घेईल. म्हणून निदान आपण भर घालू नये: डिझेलचा कॅन साबणाच्या पावडरीने धुणे आणि पाणी डिझेलात विरघळवून टाकणारे औषध टाकीत ओतणे, या दोन्ही सवयी मला अक्षम्य वाटतात. वाटीवर विसंबण्याऐवजी सेपरेटरमधून बाहेर पडलेले डिझेल काचेच्या स्वच्छ बाटलीत घेऊन उजेडात धरावे. ते धूसर दिसले, तर पाणी पुढे जात असल्याचा संशय घ्यावा.