ताइको नो तात्सुजिन

ताइको नो तात्सुजिन : जपानी ढोलवादनावर बेतलेली व्हिडिओ गेमची मालिका. नावाचा अर्थ ‘ढोलवादनातील निष्णात’. नाम्को कंपनीने ती २००१ मध्ये प्रथम जपानी गेम सेंटरांत आणली. पहिली घरगुती आवृत्ती ऑक्टोबर २००२ मध्ये प्लेस्टेशन २ साठी निघाली. या नोंदीत मुख्यतः घरगुती आवृत्त्यांचा विचार केला आहे.

खेळाची कुळी कोणती, याविषयी दोन मते संभवतात. पहिल्या मतानुसार तो ताइकोच्या (जपानी ढोलाच्या) प्राचीन परंपरेचाच आधुनिक अवतार होय. जपानच्या गुन्मा भागात ढोलवादकाची मातीची मूर्ती (हानिवा) सापडली असून ती साधारणपणे सहाव्या शतकातील मानतात. त्यामुळे वाद्य जुने आहे यात शंका नाही. उपड्या पिंपावर नाचणाऱ्या आमे-नो-उझुमे या देवतेची कथाही या संदर्भात सांगतात, पण पुरावा म्हणून तिचे मोल थोडे. शिवाय आज रंगमंचावर दिसणारे सामूहिक ताइकोवादन (कुमि-दाइको) त्या मानाने अलीकडचे आहे. त्याचा आरंभ सामान्यतः नागानोचे जाझ ड्रमवादक ओगुची दाइहाची यांच्या १९५१ च्या सुमाराच्या प्रयोगांपासून धरतात. दुसरे मत खेळाला कोनामी कंपनीच्या ‘बीटमेनिया’ (१९९७) व ‘ड्रममेनिया’ (१९९९) या तालावर खेळायच्या व्हिडिओ गेमच्या पंक्तीत बसवते, आणि तेच अधिक ग्राह्य वाटते. कारण येथे प्रत्येक खेळाडूपुढे एकच ढोल असतो आणि साथ ध्वनिमुद्रित गाण्याला, बहुधा पॉप, अ‍ॅनिमे वा पाश्चात्त्य अभिजात संगीताला, करायची असते. परंपरेतून खरोखर आले आहेत ते उच्चार. ताइको शिकवताना आघात तोंडाने म्हणून घेतात, तबल्याच्या बोलांसारखे. त्यांतले ‘डोन’ आणि ‘का’ हे दोन खेळाने उचलले.

पडद्यावर चिन्हे उजवीकडून डावीकडे एकाच पट्टीतून सरकतात. ठरावीक वर्तुळापाशी तांबडे चिन्ह आले की ढोलाच्या पानावर (डोन) आणि निळे आले की कडेवर (का) टोला द्यायचा. मोठ्या चिन्हाला दोन्ही काठ्या एकदम, पिवळ्या पट्ट्याला सलग टोले, तर फुगा आला की तो फुटेपर्यंत वाजवायचे. टोल्याची वेळ ‘र्‍यो’, ‘का’ (हा निराळा, ‘चालेल’ अशा अर्थाचा) व ‘फुका’ अशा, उत्तमापासून हुकलेल्यापर्यंत, तीन प्रतींत जोखली जाते. खेळाडूंच्या मोजमापांनुसार वरच्या पातळ्यांवर ‘र्‍यो’साठी दोन्ही बाजूंना जेमतेम २५ मिलिसेकंदांची सूट असते. कोणता टोला कोणत्या हाताने द्यावा याचे बंधन नाही. मात्र ‘ओनी’ (राक्षस) पातळीवर हात आलटूनपालटून चालवता आले नाहीत तर निभाव लागणे कठीण.

घरगुती ढोलाला ‘ताताकॉन’ म्हणतात. तो प्लॅस्टिकचा, गेम सेंटरातल्या ढोलाहून बराच लहान असतो. त्याचे पान व कड यांचे डावे-उजवे मिळून चार भाग आघात ओळखतात आणि यंत्राला ते बटण दाबल्यासारखेच पोहोचतात. म्हणूनच साध्या कंट्रोलरवरही खेळता येते, जरी त्यात ढोलाची गंमत उरत नाही. सपाट पडद्याच्या टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटते. एवढ्याने ‘र्‍यो’ हुकतो. नंतरच्या आवृत्त्यांत त्यासाठी वेळ जुळवण्याची सोय दिली आहे.

डोन-चान व कात्सु-चान ही ढोलाच्या आकाराची जोडगोळी मालिकेची ओळख होय. उत्तर अमेरिकेत प्लेस्टेशन २ ची एक आवृत्ती २००४ मध्ये निघाली. २०१८ च्या निन्टेन्डो स्विच आवृत्तीत जॉय-कॉन (स्विचचे सुटे कंट्रोलर) हातात धरून काठ्यांसारखे हवेत हलवूनही वाजवता येते.