पावसातली स्ट्रीट सर्किट शर्यत: ‘थांबली’ की ‘संपली’चे भिजत घोंगडे

पाऊस आला की स्ट्रीट सर्किटवरची फॉर्म्युला वन शर्यत तीनपैकी एका रीतीने आटोपते. ठरलेल्या फेऱ्या पूर्ण होतात, किंवा ठरलेली वेळ संपते, किंवा शर्यत थांबवणारा लाल झेंडा निघतो आणि गाड्या पुन्हा सुटतच नाहीत. पहिल्या दोन प्रकारांत फारसा वाद होत नाही. तिसऱ्यावरचा वाद चाळीस वर्षे झाली तरी मिटलेला नाही. आजचे गुणांचे कोष्टक त्याच वादातून आकाराला आले आहे.

आधी रस्त्याबद्दल. कायमस्वरूपी ट्रॅक बांधताना पाणी कुठल्या बाजूला काढायचे हे ठरवूनच उतार देतात. शहरातला रस्ता मधे फुगीर आणि दोन्ही कडांना उतरता असतो. पाणी कडेच्या गटारात जाते आणि शर्यतीत वळणाचा आतला बिंदू, म्हणजे एपेक्स, नेमका त्याच कडेला येतो. जिथे गाडीला वळायचे तिथेच डबके. वाहतुकीचे पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणे ओली झाली की त्यांवर पकड जवळपास उरत नाही. मोनॅकोत १९८४ साली आघाडीवर असलेली लोटस संघाची गाडी कॅसिनोच्या चढावर अशाच पट्ट्यांवरून घसरून कठड्यावर गेली. कोरड्यात टायरचे रबर बसून जी वाट सर्वात वेगवान होते, तीच पावसात सर्वात निसरडी ठरते. कायमच्या ट्रॅकवर चालक ती सोडून बाहेरची वाट धरतात. इथे बाहेर भिंत असते. त्याच भिंतींमुळे मागच्या चाकांचा फवारा बाजूला पसरत नाही, रस्त्यावरच धुक्यासारखा लटकून राहतो.

जुन्या काळाचे थोडक्यात. मोनॅकोत १९३६ साली पाऊस आणि एका गाडीने सांडलेले तेल एकत्र आले आणि पहिल्याच टप्प्यात गाड्यांचा ढीग लागला. १९५० साली तर पाऊस नव्हताच. बंदरावरून आलेल्या लाटेच्या पाण्याने टबाक वळण ओले झाले आणि पहिल्या फेरीत नऊ गाड्या बाद झाल्या. १९७२ च्या पावसात बीआरएम संघाच्या फ्रेंच चालकाने कारकीर्दीतली एकुलती एक शर्यत जिंकली.

खरी गुंतागुंत मोनॅकोतल्याच ३ जून १९८४ च्या शर्यतीची. शर्यत ७७ फेऱ्यांची होती आणि पावसामुळे पाऊण तास उशिरा सुटली. सुटण्याआधी मार्गातल्या बोगद्यात अग्निशमन गाडीने पाणी मारले. ऐकायला हास्यास्पद वाटते, पण कारण पक्के होते: छताखालच्या कोरड्या रस्त्यावर तेलाचा थर होता आणि ओल्या टायरनी थोडेसेच पाणी आत आणले असते तर त्याचा साबण झाला असता. त्यापेक्षा सगळा रस्ता सारखा ओला बरा.

लोटस घसरल्यावर आघाडीवर असलेल्या मॅक्लारेन संघाच्या गाडीचे कार्बन ब्रेक गारठले होते. कार्बन चांगला तापल्याशिवाय नीट धरत नाही. पावसात डिस्क थंड पडते, मग पेडल दाबावे तर ब्रेक आधी धरतच नाही, नंतर एकदम धरून चाक लॉक करतो. म्हणूनच पावसात ब्रेकच्या हवेच्या नळ्या अर्धवट झाकतात. मागून, तेराव्या क्रमांकावरून सुटलेल्या टोलमन संघाच्या गाडीतला ब्राझीलचा नवखा चालक फेरीगणिक काही सेकंद कापत येत होता. त्याच्याही मागे, शेवटून सुटलेला जर्मन चालक टर्बो (इंजिनात हवा दाबून ताकद वाढवणारे यंत्र) नसलेल्या एकमेव गाडीत तिसरा होता आणि तोही जवळ येत होता. टर्बोचा धक्का उशिरा आणि एकदम येतो, ओल्यात चाक फिरवून टाकतो. जर्मन चालकाच्या इंजिनाची ताकद कमी होती, पण हळूहळू चढणारी होती.

बत्तिसाव्या फेरीच्या शेवटी लाल झेंडा दाखवला गेला. मॅक्लारेन रेषेआधीच मंदावली, टोलमन तिला ओलांडून गेली आणि आपण जिंकलो असे तिच्या चालकाला वाटले. पण नियमानुसार निकाल आधीच्या पूर्ण फेरीवर, म्हणजे एकतिसाव्यावर धरला गेला. तिथे अंतर होते सुमारे साडेसात सेकंदांचे, मॅक्लारेनच्या बाजूने. शर्यत थांबवणारा संचालक स्वतः पोर्शच्या संघाचा चालक होता आणि मॅक्लारेनचे इंजिन पोर्शने बनवलेले. संशयाला एवढे पुरले. पुढे त्याला ६,००० डॉलर दंड झाला आणि निलंबनही झाले, पण पक्षपाताबद्दल नव्हे, तर पंचांना न विचारता शर्यत थांबवल्याबद्दल. टोलमनचे सस्पेन्शन तोवर दुखावले होते आणि ती शेवटपर्यंत टिकली असती की नाही याची शंकाच होती, असे त्या संघातल्या तंत्रज्ञांनी नंतर सांगितले. हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. सेफ्टी कार, म्हणजे सगळ्यांपुढे धिम्या वेगाने चालणारी नियंत्रक गाडी, फॉर्म्युला वनच्या नियमात रीतसर आली १९९३ साली. १९८४ मध्ये संचालकाच्या हाती दोनच पर्याय होते, धावू द्या किंवा थांबवा. आज त्याच पावसात तो दहा फेऱ्या सेफ्टी कारमागे काढून वाट पाहू शकला असता.

७५ टक्के अंतर न झाल्याने गुण निम्मे झाले. विजेत्याला नऊऐवजी साडेचार मिळाले. वर्षअखेरीस त्याचे ७१.५ झाले, संघातल्या जोडीदाराचे ७२, आणि विजेतेपद अर्ध्या गुणाने गेले. शर्यत पूर्ण होऊन तो दुसरा आला असता तरी सहा गुण मिळून बेरीज ७३ झाली असती. ज्याच्या फायद्यासाठी शर्यत थांबवल्याचा आरोप होतो, त्याचाच तोटा झाला.

निम्म्या गुणांच्या शर्यती आजवर सहाच झाल्या. त्यांतल्या तीन रस्त्यावरच्या: १९७५ चे स्पेनमधले माँट्जुइक, १९८४ चे मोनॅको, १९९१ चे ऑस्ट्रेलियातले ॲडलेड. माँट्जुइकला कारण अपघाताचे होते, बाकी दोन्हींना पावसाचे. ॲडलेडला ८१ पैकी १४ फेऱ्यांवर निकाल लागला. तिथेच दोन वर्षांपूर्वी आघाडीवरची मॅक्लारेन फवाऱ्यातून थेट पुढच्या ब्रॅभमच्या मागच्या बाजूवर आदळली होती. ब्रॅभमवर मागे तोंड केलेला कॅमेरा होता. त्या चित्रणात आधी नुसती पांढरी भिंत दिसते, मग अचानक गाडीचे नाक.

२०२१ साली बेल्जियममध्ये सेफ्टी कारमागच्या फेऱ्यांवर निम्मे गुण वाटले गेले आणि नियम बदलावा लागला. २०२२ पासून सेफ्टी कारशिवाय किमान दोन फेऱ्या झाल्याखेरीज गुणच नाहीत. त्यापुढे पायऱ्या आहेत: २५ टक्क्यांच्या आत विजेत्याला ६, पन्नासच्या आत १३, पंचाहत्तरच्या आत १९, पुढे पूर्ण २५. या मापाने १९८४ चे मोनॅको (४० टक्के) १३ गुणांचे ठरते, म्हणजे जवळपास तेच निम्मे. ॲडलेड मात्र सहावर येते.

पण पाणी मुरले ते एका शब्दात. कोष्टक लागू होण्याची अट होती ‘थांबवलेली शर्यत पुन्हा सुरू न होणे’. २०२२ सालीच जपानमधल्या सुझुकाला शर्यत थांबली, पुन्हा सुरू झाली आणि वेळ संपल्याने ५३ पैकी २८ फेऱ्यांवर आटोपली. चौकटींच्या झेंड्याखाली संपली, म्हणजे कपात नाही. अर्ध्याहून जरा जास्त अंतराला पूर्ण २५ गुण, आणि त्यावर विजेतेपदाचा निकाल. संघांच्या तंबूतही बराच वेळ कोणाला हिशेब लागत नव्हता. २०२३ मध्ये ती अट काढली गेली.

मोनॅकोत २०२२ साली ही वेळ थोडक्यात टळली. पावसाने सुरुवातीच्या दिव्यांचा वीजपुरवठाच बिघडला, तासाभराने शर्यत सेफ्टी कारमागे सुटली, मधे कठडा दुरुस्त करायला पुन्हा लाल झेंडा लागला, आणि घड्याळाने ७८ पैकी ६४ फेऱ्यांवर गाठले. हे ८२ टक्के, म्हणून गुण पूर्ण. निकाल ठरला तो टायरवर. विजेता सोळाव्या फेरीला फुल वेट (जास्त पाण्यासाठीचे टायर) टाकून इंटरमीडिएटवर (कमी ओलीसाठीचे टायर) आला, आघाडीचा चालक दोन फेऱ्या नंतर, आणि तेवढ्यात जागा गेली. साधा आडाखा असा की फेरीचा वेळ कोरड्या वेळेच्या साधारण ११२ टक्क्यांवर उतरला की स्लिकची, म्हणजे खाचा नसलेल्या कोरड्या टायरची, वेळ झाली. ७८ सेकंदांची फेरी धरली तर ८७ च्या आसपास. बोगद्याचा कोरडा तुकडा ओले टायर तापवून झिजवतो, त्यामुळे इथे उशीर जास्त महाग पडतो.

फुल वेट ताशी ३०० किलोमीटरला सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूला करतो, इंटरमीडिएट ३०. तरी फुल वेट फारसा वापरलाच जात नाही. तो लागण्याइतके पाणी साचते तेव्हा मागच्याला काही दिसत नाही आणि झेंडा निघतो. उघड्या चाकांवर मडगार्ड बसवून २०२३ आणि २०२४ मध्ये चाचण्या झाल्या. चाके झाकूनही फवारा पुरेसा कमी होईना, कारण त्याचा मोठा भाग गाडीच्या तळाखालून, मागच्या टोकाला हवा बाहेर सोडणाऱ्या डिफ्यूझरमधून उडतो.