शनिवारची दिलजमाई: छोट्या बाप्टिस्ट मंडळीच्या सहभागितेमागचा इतिहास

बाप्टिस्ट म्हटलं की आपल्याकडे पाण्यात बुडवून दिलेला बाप्तिस्मा आठवतो आणि विषय तिथेच संपतो. महाराष्ट्रातले ख्रिस्ती बहुतांशी कॅथलिक, अँग्लिकन, अमेरिकन मराठी मिशन किंवा स्कॉटिश मिशनच्या परंपरेतले. बाप्टिस्ट घरं त्या मानाने थोडी. त्यामुळे तीस-चाळीस सभासदांच्या एखाद्या बाप्टिस्ट मंडळीत आपला माणूस पहिल्यांदा गेला, तर उपासनेपेक्षा सभासदांच्या बैठकीने जास्त बुचकळ्यात पडेल. पाळक कोणाला नेमायचं, दानाचे पैसे कुठे खर्चायचे, नव्या माणसाला सभासद करून घ्यायचं की थोडं थांबायचं, दोन घरांत आलेलं वितुष्ट कसं मिटवायचं, हे सगळं तिथे सभासद आपसात ठरवतात. वरून हुकूम द्यायला बिशप नसतो. मंडळी लहान असण्याचं एक कारण याच रीतीत आहे: प्रत्येकाने प्रत्येकाला ओळखल्याशिवाय असा कारभार चालत नाही.

या रीतीचा उगम परागंदा झालेल्या लोकांत आहे. इंग्लंडमधल्या गेन्सबरो इथल्या काही कुटुंबांनी सरकारी चर्चशी फारकत घेतली आणि छळ टाळण्यासाठी ती जॉन स्मिथ या माजी अँग्लिकन पाळकाच्या मागोमाग ॲमस्टरडॅमला गेली. तिथे यान मुन्टर नावाच्या मेनोनाइट (मोठेपणीच बाप्तिस्मा देणाऱ्या एका ख्रिस्ती पंथातल्या) गृहस्थाच्या जुन्या पावभट्टीच्या इमारतीत त्यांना आसरा मिळाला. 1609 मध्ये स्मिथने स्वतःच्या डोक्यावर पाणी ओतून स्वतःलाच बाप्तिस्मा दिला, मग इतरांना दिला. तान्हेपणी झालेला बाप्तिस्मा खरा नाही असं एकदा मानलं, की बाप्तिस्मा द्यायला खरा बाप्तिस्मा झालेला माणूस आणायचा कुठून, ही अडचण होती. लोकांनी त्याची टर उडवली. पुढे त्यालाही आपलं चुकलं असं वाटू लागलं आणि तो मेनोनाइट लोकांत सामील होऊ पाहू लागला. त्याचा सहकारी थॉमस हेल्विस मात्र मूठभर सोबत्यांना घेऊन 1612 च्या सुमारास परत फिरला आणि लंडनच्या वेशीबाहेर स्पिटलफील्ड्सला इंग्रजी भूमीवरची पहिली बाप्टिस्ट मंडळी उभी राहिली. माणसाच्या आत्म्यावर राजाची सत्ता चालत नाही, हे त्याने खुद्द राजाला उद्देशून लिहिलं. तेही केवळ स्वतःपुरतं नाही. तुर्क, यहुदी, पाखंडी, सगळ्यांसाठी त्याने ती मोकळीक मागितली. न्यूगेटच्या तुरुंगात त्याची रवानगी झाली आणि 1616 च्या आसपास तो वारला.

पुढे बाप्टिस्टांत तारणाच्या प्रश्नावरून दोन शाखा पडल्या. त्या वादात इथे शिरत नाही. 1640 च्या दशकात बुडवून बाप्तिस्मा देण्याची रीत रुळली आणि 1644 मध्ये लंडनमधल्या सात मंडळ्यांनी मिळून आपला विश्वासनामा छापला, एवढं पुरे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो करार. जन्माने कोणी सभासद होत नाही म्हटल्यावर माणसं एकत्र बांधायची कशाने? तर शब्दाने. मंडळी स्थापन होताना सभासद एकमेकांना वचन देत, ते मंडळीच्या वहीत लिहीत आणि खाली सह्या करीत. लिहिता न येणारा सहीऐवजी खूण करी. वचनांचा मजकूर गावोगाव थोडाफार बदलत असे, पण गाभा तोच: एकमेकांवर लक्ष ठेवू, एकमेकांचं ओझं उचलू, सभा चुकवणार नाही, भावाबहिणीचा दोष बाहेर चघळणार नाही, गरिबांसाठी आणि पाळकासाठी ऐपतीप्रमाणे देऊ. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या या वह्या चाळल्या तर दारू, थकलेली कर्जं, नवराबायकोची भांडणं, सभेला दांडी अशा नोंदी भरपूर सापडतात. आधी दोघे जण घरी जाऊन समजावत. माणूस बधला नाही, तर प्रभुभोजनाला (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि प्याला वाटून घेण्याच्या विधीला) त्याला बसू देत नसत आणि शेवटी नाव कमी करीत. पश्चात्ताप झाला की पुन्हा घेत.

आपल्याला यात वाळीत टाकण्याचा वास येईल, आणि तो अगदीच अनाठायी नाही. जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे जिव्हाळा आणि पाळत यांच्यातली रेघ पुसट असते. फरक एवढाच, की इथे माणूस समजून-उमजून, मोठेपणी, आपल्या पायांनी आलेला असे. शिवाय छळाच्या काळात ही घट्ट वीण कामाला आली. 1664 च्या कायद्याने घरच्या माणसांखेरीज पाचाहून अधिक जणांनी सरकारी पद्धतीबाहेरच्या उपासनेसाठी जमणं गुन्हा ठरलं. ब्रिस्टलच्या ब्रॉडमीड मंडळीत तेव्हा उपदेशक दिसू नये म्हणून पडदा लावत, आणि शिपाई आले की सगळे स्तोत्र म्हणू लागत, म्हणजे उपदेश कोण करत होतं ते कळायला नको. बेडफर्डचा जॉन बन्यन 1660 पासून बारा वर्षं तुरुंगात होता. 1689 च्या कायद्याने जरा मोकळा श्वास घेता आला.

बाहेरचा धाक सरला आणि घरातली भांडणं सुरू झाली. लंडनच्या हॉर्सलीडाउन मंडळीचा पाळक बेंजामिन कीच प्रभुभोजनानंतर गीत म्हणायला लावू लागला. माणसांनी रचलेली गीतं उपासनेत नकोत असं काहींचं म्हणणं. तोडगा असा निघाला की गीत शेवटी म्हणायचं आणि ज्यांना पटत नाही त्यांनी त्याआधी उठून जायचं. बरीच वर्षं ते निभावलं. 1691 मध्ये दर रविवारी गायचं ठरलं, तेव्हा काही जण कायमचे बाहेर पडले आणि त्यांनी वेगळी मंडळी काढली. आज बाप्टिस्ट उपासना गाण्यांशिवाय सुचतही नाही!

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही गोष्ट इंग्लंडच्या मध्यभागातल्या खेड्यांत येते आणि तिथून आपल्या देशाकडे वळते. विल्यम केरी हा चांभारकाम करणारा तरुण. 1783 च्या ऑक्टोबरात नॉर्थॅम्प्टनला नेन नदीत त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याला उपदेशक व्हायचं होतं, पण ते एकट्याने ठरवून भागत नव्हतं. 1785 मध्ये तो ऑल्नी इथल्या मंडळीसमोर बोलला. सभासदांनी ऐकलं आणि अजून थांब म्हणाले. वर्षभराने, 1786 च्या ऑगस्टात, परवानगी मिळाली. पुढे ज्याच्या नावाने कॉलेजं निघाली, त्याला खेड्यातल्या विणकर-शेतकऱ्यांनी रांगेत उभं ठेवलं होतं. मला हा सगळ्या गोष्टीतला फार बोलका प्रसंग वाटतो. नंतर लेस्टरच्या मंडळीत केरी पाळक झाला तेव्हा तिथली शिस्त पार ढासळली होती. 1790 मध्ये त्याने सभासदांना मंडळीच विसर्जित करायला लावली आणि नवा करार मान्य करतील त्यांचीच पुन्हा नोंद केली. आधीच छोट्या असलेल्या मंडळीची अशी मोडतोड करायला धारिष्ट लागतं.

2 ऑक्टोबर 1792 रोजी केटरिंगला एका विधवा बाईच्या घरी डझनभर पाळक आणि आणखी एक-दोघे जमले आणि मिशन सोसायटी स्थापन झाली. जमलेली आश्वासनं मिळून 13 पौंड, 2 शिलिंग, 6 पेन्स. चिठ्ठ्या सोसायटीचा चिटणीस अँड्र्यू फुलर याच्या तपकिरीच्या डबीत गोळा केल्या, असं सांगतात. खेड्यातल्या मंडळ्यांची ऐपत तेवढीच होती.

1793 मध्ये केरी बंगालमध्ये आला. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते, म्हणून 1799 च्या ऑक्टोबरात आलेले जोशुआ मार्शमन, विल्यम वॉर्ड आणि त्यांचे सोबती हुगळीकाठच्या डेन्मार्कच्या ताब्यातल्या श्रीरामपुरात उतरले. 10 जानेवारी 1800 ला केरीही तिथे आला. सगळी कुटुंबं एका घरात, एका चुलीवर, एका तिजोरीवर राहू लागली. वॉर्डने आपल्या रोजनिशीत पहिल्याच आठवड्यात घराचे नियम टिपून ठेवले आहेत: उपदेश आणि प्रार्थना पाळीपाळीने, घरकारभार महिन्या-महिन्याने एकेकाकडे, केरीकडे खजिना आणि औषधांची पेटी, फाउंटन या सोबत्याकडे ग्रंथालय, खाजगी व्यापार कोणी करायचा नाही. आणि शनिवारची संध्याकाळ आपसातले मतभेद मिटवण्यासाठी आणि एकमेकांवर प्रेम करू असं वचन पुन्हा देण्यासाठी राखून ठेवलेली. भांडण होणार हे गृहीत धरून त्यासाठी वार नेमून देणं, हा मोठा व्यवहारी शहाणपणा होता. 7 ऑक्टोबर 1805 ला त्यांनी लिहिलेला सविस्तर करार जानेवारी, मे आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी प्रत्येक ठाण्यावर मोठ्याने वाचायचा असाही ठराव झाला.

हे घर सुखाचं होतं असं मात्र समजू नये. मार्शमनबरोबर आलेला ग्रँट उतरल्यावर तीन आठवड्यांतच वारला. 1801 संपेपर्यंत फाउंटन, ब्रन्सडन आणि डॉक्टर जॉन थॉमस हे सोबतीही गेले. केरीची बायको डोरोथी मुळात यायलाच तयार नव्हती. 1794 मध्ये पाच वर्षांचा मुलगा गेला आणि तिचं मन कायमचं बिघडलं. 1807 मध्ये ती वारली, तोवर बराच काळ तिला खोलीत कोंडून ठेवावं लागलं. एकत्र घराचा गाडा हाकला तो हॅना मार्शमनने: तिने शाळा चालवली आणि केरीच्या मुलांवर मायाही केली. सहभागितेचं कौतुक करताना या दोन बायकांना वगळलं जातं, ते मला खटकतं.

खरी कसोटी जेवणाच्या पंगतीत लागली. कृष्ण पाल हा सुतार. त्याचा निखळलेला हात थॉमसने बसवला, त्यातून येणंजाणं वाढलं. 22 डिसेंबर 1800 रोजी कृष्ण आणि गोकुल हे दोघे मिशनरींबरोबर उघडपणे जेवले. बातमी गावभर झाली. हजारोंचा जमाव लोटला आणि कृष्णाच्या घरच्यांना ओढत डॅनिश अधिकाऱ्यापुढे नेलं. त्याने त्यांना सोडून दिलं. बाप्तिस्मा 28 डिसेंबरला हुगळीत झाला, केरीचा मुलगा फेलिक्स आणि कृष्ण यांचा. गोकुल ऐन वेळी कचरला. त्याने बाप्तिस्मा नंतर घेतला. त्याच दुपारी बंगालीत पहिलं प्रभुभोजन झालं.

मुंबईत 1849 मध्ये सुरू झालेल्या परमहंस सभेत पावाचा तुकडा खाऊन जात मोडत, पण ते बंद दाराआड; नावं फुटल्यावर सभा विरली. श्रीरामपुरात पंगत उघड्यावर होती आणि तिच्या पाठोपाठ बेटीव्यवहारही आला. 1803 मध्ये कृष्णप्रसाद या ब्राह्मण सभासदाचं लग्न कृष्ण पालच्या मुलीशी झालं. प्रभुभोजनात शूद्राच्या हातून आलेला प्याला ब्राह्मणाने ओठाला लावला, याची मिशनरींनी आवर्जून नोंद केली. त्याच वर्षी गोकुल वारला. परजातीच्या प्रेताला खांदा कोण देणार? मार्शमन, फेलिक्स, भैरव हा बाप्तिस्मा घेतलेला ब्राह्मण आणि पीरू हा पूर्वीचा मुसलमान, अशा चौघांनी त्याची पेटी कबरस्तानापर्यंत नेली. मंडळीचे एतद्देशीय सभासद तेव्हा बोटांवर मोजण्याइतके होते.

मराठीशी या घराचं नातं याच काळातलं. फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवताना केरीने नागपूरकडच्या वैद्यनाथ पंडितांच्या मदतीने 1805 मध्ये मराठी व्याकरण छापलं आणि 1810 मध्ये मोडी टायपात कोश. 1811 मध्ये बायबलमधल्या नव्या कराराचं मराठी भाषांतर आलं. पुस्तकं पोचली, पण मंडळ्या मराठी मुलखात इतर मिशनांच्या उभ्या राहिल्या.

श्रीरामपूरच्या घराचाही पुढे विरस झाला. 1815 मध्ये फुलर गेला आणि लंडनच्या समितीने घर, छापखाना, जमीन कोणाच्या मालकीची असा प्रश्न लावून धरला. नव्याने आलेल्या तरुण मिशनऱ्यांना ज्येष्ठांचा वचक सोसेना. त्यांनी कलकत्त्यात वेगळा संसार थाटला. 1827 मध्ये श्रीरामपूर आणि सोसायटी विभक्त झाले. पुन्हा एकी झाली ती केरी वारल्यानंतर, 1837 मध्ये. शनिवारची बैठक एका छपराखालच्या माणसांसाठी होती. समुद्रापलीकडच्या समितीशी भांडण मिटवायला तिचा उपयोग नव्हता.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात उत्तर भारतातल्या सहा चर्चसंस्था मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. त्यांत उत्तर भारतातल्या बाप्टिस्ट मंडळ्यांची परिषदही होती. वर्षानुवर्षं अडलेल्या प्रश्नाला तिथे असं उत्तर मिळालं, की बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणीचा बाप्तिस्मा दोन्ही रीती मान्य, आईबापांनी निवडावी. बिशपही आले. नागालँड आणि मिझोरमच्या बाप्टिस्ट मंडळ्या आणि आंध्रातले तेलुगू बाप्टिस्ट या एकीकरणात आले नाहीत. जे आले, त्यांच्या स्थानिक कारभारासाठी सभासदांनी निवडलेली समिती ठेवण्यात आली. बाप्तिस्म्याबाबत आणि बिशपांबाबत मात्र त्यांना आपला जुना आग्रह सोडावा लागला.