घामाच्या ग्रंथींचा कर्करोग: कोकणातून मोफत उपचारांसाठी अर्ज आणि कागदपत्रं

पायावर गाठ आली की आपल्याकडे तिला कुरूप किंवा चामखीळ म्हणून सोडून देतात, आणि बहुतेक वेळा ती तशीच साधी असते. क्वचित मात्र ती घामाच्या ग्रंथीतून उठलेला कर्करोग निघते. त्यातला पोरोकार्सिनोमा बहुधा साठीनंतर होतो. पायावर किंवा डोक्या-चेहऱ्यावर अनेक वर्षं गप्प बसलेली गाठ एकाएकी वाढते, चिघळते, तिच्यातून रक्त येतं. पापणीवर, ओठाच्या वर, काखेत, बोटाच्या टोकावरही या जातीच्या गाठी होतात. दुखत नसल्यामुळे दाखवायला उशीर होतो.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचा कागद आधी सांगते. तो रेशनकार्ड नाही, तो बायोप्सीचा रिपोर्ट आहे. तालुक्याच्या दवाखान्यात गाठ काढून टाकली आणि तपासायलाच पाठवली नाही, तर पुढे मोफत उपचारांच्या सरकारी योजनेत काय मंजूर करायचं हेच ठरत नाही. काढलेला तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून पॅथॉलॉजी लॅबला पाठवायला डॉक्टरांना आवर्जून सांगा. लॅबकडून रिपोर्टच नव्हे, तर तुकड्याच्या काचपट्ट्या आणि तो तुकडा ज्यात जपतात तो मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. हे कर्करोग इतके दुर्मीळ आहेत की मोठ्या रुग्णालयात तोच ब्लॉक पुन्हा तपासतात, त्यावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे कर्करोगाचा प्रकार ओळखायची खास तपासणी, करतात. स्तनाचा किंवा आतल्या अवयवाचा कर्करोग त्वचेत पसरला तरी सूक्ष्मदर्शकाखाली असाच दिसू शकतो. तो नाही ना, हे पाहायला मॅमोग्राफी, सीटी किंवा पेट स्कॅन सांगतील. त्या तपासण्या फुकट होतील असं समजू नका.

मुख्य उपचार शस्त्रक्रिया: गाठ भोवतालच्या निरोगी कडेसह काढायची. गरजेप्रमाणे जवळच्या लसिकाग्रंथी तपासतात, रेडिएशन देतात. केमोथेरपीवर या रोगात फार भरवसा ठेवता येत नाही, म्हणून पहिली शस्त्रक्रिया अनुभवी हातांनी होणं मोलाचं.

पात्रता

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतशी जोडलेली आहे. १ जुलै २०२४ पासून महाराष्ट्रातल्या पिवळ्या, केशरी आणि पांढऱ्या कार्डाच्या कुटुंबांनाही वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रुग्ण ७० वर्षांचा किंवा त्याहून मोठा असेल, तर फक्त आधारवर आयुष्मान वयवंदना कार्ड निघतं, उत्पन्न पाहत नाहीत. आजी-आजोबांसाठी ते आधीच काढून ठेवा.

कागदपत्रं

रेशनकार्ड, आधार, मोबाईल, बायोप्सीचा रिपोर्ट, स्कॅन, डॉक्टरांची चिठ्ठी. कोकणात खरी अडचण रेशनकार्डावरच्या नावाची असते. मुलाबरोबर मुंबईला गेल्यावर गावच्या कार्डातून आईचं नाव कमी झालेलं असतं आणि तिकडच्या कार्डात चढलेलंच नसतं. कधी आधारवर नाव एक, कार्डावर दुसरं. हे तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत दुरुस्त होतं. रिपोर्ट येण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात अर्ज द्या.

प्रक्रिया

योजनेत नोंदलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे तिथे बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाला, भेटा. कार्ड पडताळून तो नोंदणी करतो, रुग्णालय ऑनलाइन पूर्वमंजुरी मागतं. योजनेतली पॅकेजं, म्हणजे मंजूर होणाऱ्या उपचारांची यादी, शस्त्रक्रिया किंवा रेडिएशनच्या नावाने असतात. यादीत पोरोकार्सिनोमा हा शब्द सापडला नाही म्हणून कुणी परत पाठवलं, तर तिथूनच योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ वर, फोन करा. मंजुरीनंतर शस्त्रक्रिया, भरतीतल्या तपासण्या, औषधं, जेवण यांचे पैसे द्यायचे नाहीत, आणि घरी सोडल्यावर १० दिवसांची औषधंही त्यातच येतात. मंजुरीपूर्वी कुणी आगाऊ रक्कम मागितली तर आरोग्यमित्राला विचारल्याशिवाय भरू नका.

परळच्या टाटा रुग्णालयात जायचं असेल तर आधार, सगळे रिपोर्ट, काचपट्ट्या आणि ब्लॉक घेऊन आधी केस फाईल काढावी लागते. परवडत नसेल तर जनरल विभागातच नाव घाला आणि तिथल्या समाजसेवा विभागात जा.

प्रवासासाठी रुग्णालयाकडून रेल्वे सवलतीचा फॉर्म घ्या. स्लीपर आणि थ्री-टायर एसीत रुग्णाचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत. रत्नागिरी, कणकवली, कुडाळ अशा स्टेशनच्या आरक्षण खिडकीवर हा फॉर्म दाखवून तिकीट काढा. फेरतपासणीच्या फेऱ्यांनाही ही सवलत लागू आहे, आणि या रोगात गाठ पुन्हा येऊ शकते म्हणून त्या फेऱ्या चुकवायच्या नाहीत.