आयसीडी की डीएसएम? नेटवर निकष शोधण्याआधी

मानसशास्त्रात एमए करणाऱ्या मुलांच्या फायलीत निदानाच्या निकषांची झेरॉक्स हमखास असते. कुठून आणली विचारलं तर उत्तर येतं, ‘नेटवरून, डीएसएम-आयसीडीमधून.’ जणू ते एकच जोडनाव!

आयसीडी हे जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांच्या वर्गीकरणाचं पुस्तक. त्यात हिवतापापासून हाड मोडण्यापर्यंत सगळं येतं, मनाच्या आजारांना सहावं प्रकरण आहे. अकरावी आवृत्ती मे २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. डीएसएम फक्त मानसिक विकारांचं. ते अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांची संघटना काढते. पाचवी आवृत्ती २०१३ची, तिची सुधारित प्रत, म्हणजे डीएसएम-५-टीआर, २०२२ची. या संघटनेला एपीए म्हणतात आणि संदर्भ लिहिण्याच्या पद्धतीसाठी विद्यार्थी ज्या एपीएला ओळखतात ती वेगळी, मानसशास्त्रज्ञांची. डीएसएम तिच्या संकेतस्थळावर शोधत बसू नका.

फरक नुसता प्रकाशकाचा असता तर एवढं लिहायची गरज नव्हती. समजा, नवरा जाऊन आठ महिने झालेल्या एक बाई समुपदेशनाला आल्या आहेत. त्यांचं कशात मन लागत नाही, नवऱ्याची आठवण क्षणभर सुटत नाही, घरचं कामही होत नाही. रेंगाळलेल्या शोकाचा विकार दोन्ही पुस्तकांत आहे. आयसीडी-११ किमान सहा महिने मागतं, डीएसएम-५-टीआर प्रौढांसाठी किमान बारा. म्हणजे एकीकडे निदानाचा विचार करता येतो, दुसरीकडे अजून चार महिने नाही. पण थांबा. आपल्याकडे कित्येक घरांत वर्षश्राद्ध होईपर्यंत सणवार करत नाहीत, नातेवाईकही ‘वर्ष तर होऊ दे’ म्हणतात. माणसाच्या धर्म-संस्कृतीत जेवढा काळ शोक करणं रीतीचं मानलं जातं, तेवढा काळ चाललेला शोक सर्वसाधारणच समजावा, असं आयसीडी स्वतःच सांगतं. तेव्हा सहाचा आकडा गाठला म्हणून लगेच शिक्का मारायचा नाही. नेटवरच्या तक्त्यांत आकडा येतो, हे वाक्य मात्र बहुतेक वेळा गळलेलं असतं.

स्किझोफ्रेनियातही असंच. आयसीडीला लक्षणं महिनाभर पुरतात, डीएसएमला आजाराच्या खुणा सलग सहा महिने दिसाव्या लागतात. दोन-अडीच महिने नसलेले आवाज ऐकू येणाऱ्या मुलाला एका पुस्तकानुसार स्किझोफ्रेनिया असू शकतो, दुसऱ्यानुसार स्किझोफ्रेनिफॉर्म डिसऑर्डर, म्हणजे तशीच लक्षणं पण सहा महिन्यांहून कमी काळ. घरच्यांना काय सांगायचं, हेही त्यावरून बदलतं. कॉम्प्लेक्स पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरच्या ताणविकाराचा अधिक गुंतागुंतीचा प्रकार, आयसीडीत स्वतंत्र निदान आहे, डीएसएममध्ये नाही.

आता नेटवर काय मिळतं ते. आयसीडी-११चा ब्राउझर, म्हणजे आजार आणि त्यांचे कोड शोधायचं संकेतस्थळ, फुकट आहे, लॉगिनही लागत नाही. शोधखिडकीत शब्द टाकला की कोड येतो, शेजारी छोटं वर्णन. तेच निकष समजून उतरवून घेतले जातात, आणि घोळ इथेच होतो. डिप्रेशनचं उदाहरण घ्या. ब्राउझरमधलं वर्णन सांगतं की उदासी किंवा रस कमी होणं, दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, किमान दोन आठवडे. सोबत झोप, भूक, एकाग्रता वगैरे. किती लक्षणं हवीत? त्या छोट्या वर्णनात ते लिहिलेलंच नाही. दहापैकी किमान पाच, हा हिशेब वेगळ्या पुस्तकात आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेच मार्च २०२४ मध्ये काढलेलं ते जाडजूड पुस्तक, सीडीडीआर, तेही फुकट उतरवून घेता येतं. सर्वसामान्य दुःख कुठे संपतं, लहान मुलांत विकार कसा दिसतो, संस्कृतीनुसार काय बदलतं, जवळच्या विकारांपासून तो वेगळा कसा ओळखायचा, यावर त्यात विकारागणिक मजकूर आहे. माझ्या मते शिकणाऱ्याने आधी हेच वाचावं. ब्राउझर कोड शोधायला ठेवावा.

डीएसएमचा पूर्ण मजकूर विकत किंवा ग्रंथालयाच्या वर्गणीतूनच मिळतो. फुकट फिरणाऱ्या प्रतींपैकी कितीतरी २०१३च्या किंवा त्याआधीच्या असतात. रेंगाळलेला शोक मुख्य निदानांत आला तो २०२२ला, म्हणजे वरच्या बाईंसाठी जुनी पीडीएफ उघडली तर मुख्य निदानांत हा विकार सापडणारच नाही. डीएसएममधले डिप्रेशनच्या एफ-३२सारखे कोड पाहून आणखी गोंधळ होतो. ते डीएसएमचे नाहीत. आयसीडी-१०च्या अमेरिकी रूपातून घेतलेले आहेत, तिथल्या विम्याच्या बिलासाठी. आयसीडी-११मध्ये मनाच्या आजारांना एफची मालिकाच नाही, तिथले कोड ६ए७० अशा धाटणीचे.

भारतापुरतं बोलायचं तर २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा कलम ३मध्ये आयसीडीचंच नाव घेतो. त्यामुळे कायद्याशी किंवा सरकारी कागदाशी संबंध असेल तर आयसीडी धरावं. प्रबंधासाठी अमेरिकी शोधनिबंध वाचताना डीएसएम लागेल. कुठलंही वापरा, निदानापुढे आवृत्तीसकट नाव लिहा. नुसतं एफ-३२ लिहिलं तर पुढच्या डॉक्टरला ते कोणत्या पुस्तकातलं, हे फोन करून विचारावं लागतं.